वाघ, सिंह आणि बिबट्या



उर्दूत आपण 'शेर' म्हणतो, तेव्हा कधी सिंह मनात असतो, तर कधी वाघ. टिपू सुलतानला 'शेर-ए-मैसूर' म्हणतात. पण त्याचे आवडते चिन्ह वाघ होते. मराठीत मात्र सिंह वेगळा आणि वाघ वेगळा.

सिंहाचा रंग मातकट असतो. नराच्या मानेवर आयाळ असते आणि शेपटीच्या टोकाला गोंडा असतो. सिंह कळपाने राहतात. भारतात रानटी सिंह फक्त गुजरातमध्ये, गीर व आसपासच्या भागात आहेत. वाघाच्या अंगावर काळे पट्टे असतात. तो एकटा राहतो व पाण्यात आनंदाने डुंबतो. 1973 पासून तो आपला राष्ट्रीय प्राणी आहे. महाराष्ट्रात तो ताडोबा, मेळघाट अशा मोठ्या जंगलांत आढळतो.

आता जुन्नर तालुक्यातील वारूळवाडीकडे या. या भागात रात्री "वाघ आला!" अशी हाक उठते, तेव्हा आलेला प्राणी वाघ नसतो, तो असतो बिबट्या, म्हणजे उर्दूतील 'तेंदुआ'. त्याच्या अंगावर पट्टे नसून ठिपक्यांची वर्तुळे असतात. वाघापेक्षा तो पुष्कळ लहान असतो, पण झाडावर सहज चढतो.

तुम्ही म्हणाल, "नाव कोणतेही असो, भीती तर तीच!" माझे मत वेगळे आहे. 'वाघ' म्हटले, की हा जंगलातून चुकून आला, त्याला परत नेले म्हणजे संकट टळले, असे वाटते. परंतु येथील बिबट्या उसातच राहतो. धरणे व कालवे झाले, ऊस वाढला आणि त्याला लपायला जागा मिळाली. कुत्री, शेळ्या, कोंबड्या हे त्याचे खाद्य. त्याची पिल्लेही उसातच जन्मतात. एक बिबट्या पकडून नेला, तरी त्याच्या जागी दुसरा येतो. म्हणून एका दिवसाची धावपळ पुरेशी नाही. सावधपणा रोजचाच हवा.

अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नका. बाहेर जाताना सोबत व बॅटरी घ्या, मोठ्याने बोलत चला. शेळ्या बंद गोठ्यात बांधा. उसात पिल्ले दिसली, तर हात लावू नका. आई जवळच असू शकते. लगेच वनखात्याला कळवा.

शेजाऱ्याला नीट ओळखले, तरच त्याच्यापासून जपून राहता येते. बिबट्या हा येथील शेजारीच आहे. त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखा.