टर्कीवरील लोणी व वजनाचा रकाना

शेतकऱ्यांच्या मासिकांत टर्की पक्षी भाजण्याचा विषय पाहून कित्येक सभासदांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या लोण्याविषयीं आम्ही लिहूं इच्छितों, त्याचा हिशेब स्वयंपाकघरांत सुरू होत नाहीं. तो पक्षी पाळणाऱ्याच्या अंगणांत सुरू होतो. म्हणून त्यास येथें जागा मागत आहों.

अमेरिकेंत नोव्हेंबर महिन्याच्या चवथ्या गुरुवारीं ‘थँक्सगिव्हिंग’ नांवाचा सण असतो. पीकपाणी पदरांत पडल्याबद्दल देवाचे आभार मानण्याची ही जुनी चाल. अध्यक्ष लिंकन यांनीं १८६३ सालीं तो सबंध राष्ट्रानें पाळावा म्हणून जाहीरनामा काढला, आणि १९४१ सालच्या कायद्यानें चवथा गुरुवार कायमचा ठरला. पोळ्याला जशी पुरणपोळी तसा त्या दिवशीं अख्खा भाजलेला टर्की. पक्षी मूळचा मेक्सिकोकडील. स्पॅनिश लोकांनीं सोळाव्या शतकाच्या आरंभीं तो युरोपांत नेला. आपल्या इकडेही तो कांहीं काल आलेला नाहीं. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून आणलेल्या चमत्कारिक प्राण्यांत हा पक्षी होता, व जहांगीर बादशहानें त्याचें चित्र काढविलें. मन्सूर ह्या चितार्‍याचें म्हणून तें आज लंडनच्या संग्रहालयांत आहे. पोर्तुगीज भाषेंत ह्या पक्ष्यास ‘पेरू’ म्हणतात. तेव्हां गोव्यांत कोणी नाताळास पेरू भाजल्याचें सांगितलें, तर वाचकांनीं फळ समजूं नये.

पेन्शन घेतल्यानंतर आम्ही सहा महिने पेनसिल्व्हानियांत भाच्याकडे राहिलों. सणाला त्याच्या कचेरींतील दहाजण जेवावयास यावयाचे होते. जवळच एका वृद्ध शेतकऱ्याच्या वाडींत जुन्या काळपट तांबूस जातीचे टर्की होते, पण त्यांचा दर दुकानांतल्या दराच्या कित्येक पट. भाच्यानें शहाणा माणूस करील तेंच केलें, व दुकानांतून दहा किलोचा पांढरा पक्षी आणला. भाचेसुनेनें अर्धा किलो लोणी वितळवून त्यांत सुवासिक पाला चिरून घातला आणि कुंचल्यानें पक्ष्यावर फासला. मग दर अर्ध्या तासानें ओव्हनचें दार उघडून पुन्हां तेंच. साडेचार तासांनीं जें बाहेर आलें त्याची कातडी कोठें पांढुरकी, कोठें काळी, पाला जळून कडू, आणि छातीचें मांस असें कोरडें कीं सुरीखालीं भुसा पडावा. तंगड्या मात्र उत्तम झाल्या होत्या. पाहुण्यांनीं पाण्याचे पेले दोनदां भरून घेतले, व जेवण फार छान झालें असें म्हणाले. ते गेल्यावर मुलगी आंत जाऊन रडली. थोडा दोष तिच्या कृतीचा होता खरा, तो पुढें सांगतों. पण मोठा दोष तिचा नव्हता.

छाती व तंगडी हीं एकाच पक्ष्याचीं असलीं तरी त्यांचा स्वभाव भिन्न. छातीचें मांस ६५ अंश सेंटिग्रेडच्या पुढें गेलें कीं रस सोडूं लागतें. तंगडींतले चिवट धागे मऊ होण्यास ८० अंशांच्या आसपास बराच वेळ जावा लागतो. आरोग्याच्या दृष्टीनें तेथील सरकार ७४ अंश सांगतें, आणि तें पाळलेंच पाहिजे. जुन्या जातीची छाती अरुंद व तंगडी जाड असल्यामुळें दोन्हींचा मेळ थोडाबहुत बसत असे. परंतु १९३० नंतरच्या दशकांत रुंद छातीची जात पुढें आली, व पुढें तिच्यांतूनच पांढऱ्या पिसांची काढली. कारण काळ्या पिसांचे खुंट सोललेल्या कातडीवर दिसतात व गिऱ्हाईक नाक मुरडतें. आज दुकानांत विकला जाणारा बहुतेक पक्षी ह्याच पांढऱ्या वंशाचा. त्याच्या छातीचा भार असा वाढला आहे कीं नरमादीस नैसर्गिक संग करतां येत नाहीं. सर्व पैदास कृत्रिम रेतनानें होते. अशा छातीचा गाभा तापेपर्यंत तिचा बाहेरचा थर कधींच सुकून गेलेला असतो.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, ह्या सणाच्या पक्ष्यावर लोण्याचा जो थर चढवितात तो पाककलेचा अलंकार नसून पैदास करणाऱ्यानें मागें ठेवलेली थकबाकी आहे, आणि ती स्वयंपाकघरांत बायामाणसांकडून वसूल होते.

आमची उमर गांवच्या तक्त्यांवरील आंकडे ताडून पाहण्यांत गेली. त्यांतून एक गोष्ट शिकलों: ज्याला रकाना आहे तें लिहिलें जातें, ज्याला नाहीं तें डोळ्यांसमोर असूनही सरकारास दिसत नाहीं. पैसेवारीसाठीं पीककापणी करतांना दाण्याचें वजन घेतात. दाणा शिजतो कसा हें विचारणारा रकाना आम्ही कोठें पाहिला नाहीं. आंबेमोहोर लावणारास हें निराळें सांगावयास नको. शेजारच्या शेतांत दुप्पट उतारा पाहून ज्यानें तो भात सोडला त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. कर्ज उताऱ्यानें फिटतें, वासानें फिटत नाहीं. पण मग भातावर तूप अधिक लागूं लागलें, हेंही त्यानें मोजावें. अमेरिकेंतही उलट दिशेचा यत्न झाला होता. तेथील सरकारी शेतकी खात्यानें मेरिलंडमधील बेल्ट्सव्हिल येथें १९३४ पासून लहान ओव्हनास व लहान कुटुंबास पुरेल असा आटोपशीर पांढरा टर्की तयार केला. कांहीं वर्षें त्याचा चांगला खप झाला. पुढें मोठ्या पक्ष्यापुढें तो मागें पडला.

आतां लोण्याकडे वळूं. विकतच्या लोण्यांत शंभर भागांत सुमारें ऐशीं भाग स्निग्धांश असतो. उरलेल्यांत बहुतेक पाणी व थोडा दुधाचा अंश. घरीं घुसळलेल्या लोण्यांत पाणी व ताक त्याहून अधिक राहतें, म्हणून तें तीन पाण्यांनीं धुऊन नीट पिळून घ्यावें. हें पाणी आटल्याशिवाय कातडी खरपूस होत नाहीं. दुधाचा अंश कातडीस सुंदर बदामी रंग देतो, पण आंच कडक झाली कीं तोच आधीं करपतो. तूप वापरल्यास करपण्याचें भय कमी, मात्र तो रंगही येत नाहीं. लोणी मांसांत मुरतें ही समजूत चुकीची आहे. तें मुरत नाहीं. कातडीखालीं बसून आंचेची धार कमी करतें, आणि पाल्याचा सुवास आपल्यांत ओढून घेऊन घासास देतें. एवढें काम कांहीं लहान नव्हे.

सहा किलोच्या पक्ष्यास पाव किलोला थोडें कमी असें अळणी लोणी पुरतें. तें वितळवूं नये. बोटानें दाबलें जाईल इतकें मऊ असावें. वितळलेलें लोणी थंड कातडीवरून ओघळून परातींत जातें, आणि पाला उघडा राहून जळतो. भाचेसुनेची चूक हीच. पाला म्हणजे सेज, थाइम, रोझमेरी व पार्सली, बारीक चिरून प्रत्येकीं एकेक मोठा चमचा. सेज व रोझमेरी उग्र, त्या जरा कमीच बऱ्या. थाइम पाहून आम्हांस घरची आठवण झाली, कारण तिच्या वासांतील मुख्य द्रव्य थायमॉल आपल्या ओव्यांतही तेंच आहे. चार पाकळ्या लसूण व एका लिंबाची किसलेली पिवळी साल घालून सर्व एकजीव करावें.

गोठविलेला पक्षी शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यांत तीन दिवस सुटूं द्यावा. बाहेर ओट्यावर ठेवूं नये. आदल्या रात्रीं किलोमागें पांच ग्रॅम मीठ चोळून तो उघडाच आंत ठेवावा, म्हणजे कातडी कोरडी होते. ओल्या कातडीवर लोणी धरत नाहीं. सकाळीं मानेच्या बाजूनें बोटें घालून छातीवरील कातडी हलक्या हातानें सुटी करावी, फाडूं नये, व तीन हिस्से लोणी तिच्याखालीं पसरावें. उरलेला हिस्सा वरून. १६३ अंशांवर असा पक्षी साधारण तीन ते पावणेचार तास घेतो. घड्याळापेक्षां सुईच्या उष्णतामापकावर विश्वास ठेवावा. ती छातीच्या जाड भागांत व मांडीच्या आंत खुपसावी, हाडास टेकूं देऊं नये. रंग चढल्यावर छातीवर पत्र्याचा कागद पसरावा. वारंवार दार उघडून परातींतला रस वर ओतण्याची जी चाल आहे ती आम्हांस पटत नाहीं. दर खेपेस आंच उतरते, वेळ लांबतो, आणि भिजलेली कातडी मऊ पडते. एकदोनदां पुरे. बाहेर काढल्यावर अर्धा तास सुरी लावूं नये.

दुकानांतल्या कित्येक पक्ष्यांत कारखान्यांतच मिठाचें पाणी व कांहीं स्निग्ध पदार्थ सुईनें भरलेला असतो. किती टक्के तें वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. असा पक्षी घेतल्यास पुन्हां मीठ चोळूं नये. मांसाच्या दरानें पाणी तोलून घ्यावयाचें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हीं उभ्या जन्मांत दूधवाल्याकडून हें चालवून घेतलें नाहीं.

नाताळांत आमच्या आग्रहावरून भाच्यानें त्या वृद्ध शेतकऱ्याकडील साडेपांच किलोचा पक्षी आणला. त्या जातीस वजन धरण्यास सहाएक महिने लागतात. पांढरा चारपांच महिन्यांत विक्रीस येतो. खर्चाचा हा फरक कोणासही दिसेल, व शेतकऱ्यानें त्यास दर जास्त लावला ह्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसलें नाहीं. भाचेसुनेनें वरीलप्रमाणें लोणी लाविलें. निम्मेंच लागलें. छाती लहान निघाली, चौघांनाच पुरली, आणि बाकीच्यांनीं तंगड्यांवर समाधान मानलें. पण पाण्याचा तांब्या शेवटपर्यंत भरलेला राहिला. हाडांचा दुसऱ्या दिवशीं रस्सा झाला, त्यांत तिनें आमच्यासाठीं ओवा टाकला.

यंदाच्या नोव्हेंबरासाठीं भाच्यास आम्हीं पत्र लिहिलें आहे, कीं पाहुणे दहा असतील तर वाडीवरचे लहान दोन पक्षी सांगून ठेवावे, आणि दराचा जो फरक पडेल तो आमच्या नांवें लिहावा.