मुकादम वेळेवर येतो

"फुकटचं मिळायला लागलं आणि माणसं कामाला हलेनात." मुरबाडच्या बाजारात, आसनगावहून शहापूरला येणाऱ्या रिक्षात हे वाक्य दर पावसाळ्यात कानावर पडतं. भातलावणीला माणूस न मिळालेला शेतकरी ते बोलतो तेव्हा त्याची अडचण खरी असते. त्याने काढलेलं कारण मात्र मला मान्य नाही.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. चार तोंडांच्या घरात एवढ्यावर कुणी बसून खात नाही. मजूर गेला तो भिवंडीच्या गोदामात, जिथे बारा महिने काम आहे. आणि कातकरी? त्याचा हंगाम आधीच विकला गेलेला असतो. त्या विक्रीला आपल्याकडे उचल म्हणतात.

लावणी संपते आणि कापणीला अजून अवकाश असतो. घरातलं धान्य तळाला गेलेलं, दुकानदाराची उधारी वाढलेली, त्यात पोर तापाने फणफणलेलं. नेमक्या त्या दिवसांत मुकादम वाडीवर येतो आणि रोख पैसे हातावर ठेवतो. त्याला आधार कार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बदल्यात दिवाळीनंतर पावसाच्या तोंडापर्यंत वीटभट्टीवर राबायचं. तिथे माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा-बायको मिळून एक जोडी, म्हणून आईला जावंच लागतं आणि आईमागे पोरं. शाळा सुटते, अंगणवाडी सुटते. आठवड्याला खर्ची मिळते, हजार विटांमागे मजुरी लागते आणि शेवटच्या हिशोबात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा. तरी श्रमजीवी संघटनेला ठाणे जिल्ह्यात १९८०च्या दशकापासून माणसं सोडवत राहावं लागलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुठलीही योजना या उचलीशी ताडून पाहा. गरीब आईबापाला स्थैर्य येतं ते मुकादमाला नाही म्हणता येण्याइतका पैसा वेळेवर हातात असला तर.

दुसरा आक्षेप दारूचा. जागतिक बँकेचे डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी २०१४ साली आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले रोख मदतीवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. मध्य प्रदेशात 'सेवा' संघटनेने २०११पासून काही गावांत दरमहा बिनशर्त रोख रक्कम देऊन पाहिली. लोक आळशी झाले नाहीत, उलट स्वतःच्या शेतावरचं काम वाढलं. शहापूरजवळच्या एका वाडीवर एका बाईने मला तिची प्लास्टिकची पिशवी उघडून दाखवली होती. त्यात पासबुक, रेशनकार्ड आणि दुकानदाराची चिठ्ठी. चिठ्ठीवरच्या पाच रकमांपैकी तीन खोडलेल्या. "हे बहिणीच्या पैशातलं," ती म्हणाली. मग हात पुढे केला. वर्षानुवर्षं चिखल थापून बोटांच्या रेषाच गेलेल्या. पैसे काढायला गेली की यंत्रावर अंगठा उठत नाही. त्या महिन्यात ती दोनदा परत आली होती. दोन रोज बुडाले.

तिसरा आक्षेप करदात्यांच्या पैशाचा. पण शहरही या भागाचं देणं लागतं. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२चं. भातसाही शहापूर तालुक्यातच, आणि मुंबईचं जवळपास निम्मं पाणी तिथून जातं. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. रोजगार हमी सुरू झाल्यावर वि. स. पागे यांच्या कल्पनेला पैसा पुरवण्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या करात मला उपकार दिसत नाही. ती देण्याची परतफेड होती आणि ते देणं आजही बाकी आहे.

म्हणून सरकारला सगळं माफ, असं मात्र नाही. लाडकी बहीण २१ वर्षांपासून, त्यामुळे त्याहून लहान वयाच्या, कडेवर पोर असलेल्या आईला काही नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच पैसे, मुलगा झाला तर नाहीत. २०१३चा अन्नसुरक्षा कायदा मात्र गर्भवतीला किमान ६,००० रुपये द्यायला सांगतो. बाळंतपणात मजुरी बुडते ती काय मुलगा-मुलगी बघून? मला सगळ्यात जास्त राग २०२५च्या निर्णयाचा आहे. लाडक्या बहिणीचे हप्ते भागवायला आदिवासी विकास विभागाचा ३०० कोटींहून अधिक निधी वळवला गेला. आदिवासी बाईच्या एका हातावर ठेवायचं ते तिच्याच दुसऱ्या हातातून काढून.

पाड्यांवर २०१५पासून अमृत आहार योजना आहे. गर्भवतीला आणि बाळंतिणीला अंगणवाडीतून रोज एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते पोटात जातंच. पण जोडी भट्टीवर गेली की ते ताट तिच्यामागे जात नाही.

वेळेचं महत्त्व सरकारला कधी कळलंच नव्हतं, असंही नाही. पावसाळ्यातली उपासमार टळावी म्हणून आदिवासींना खावटी कर्ज द्यायचं, ही योजना १९७८ची. पुढे ती बंद पडली. करोनाच्या वर्षी ती अनुदान म्हणून परत आली, कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख, निम्मे वस्तुरूपात. निर्णय २०२०मध्ये झाला आणि अनेक घरांपर्यंत ती पोहोचायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात भट्ट्यांचा एक अख्खा हंगाम होऊन गेला.

खावटी दरवर्षी द्या, आणि गणपतीच्या आधी द्या, हीच माझी मागणी आहे. पिशवी दाखवणाऱ्या त्या बाईला मी निघताना विचारलं, यंदा जाणार का भट्टीला? धाकटा अंगणवाडीच्या खिचडीचं भांडं चाटत तिच्या पायाशी बसला होता. ती म्हणाली, "मुकादम येईल तवा घरात काय हाय, त्याच्यावर हाय ते."