आधी दिवस ठरवा, मग शीर

अपेंडिक्स फुटलेल्या मुलाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंट्राकॅथ आउट होते, हात सुजतो आणि राउंडवर विचारणा होते: आता पिक लाइन टाकायची का? आमच्या मते त्याआधी विचारायला हवे, की शिरेतून औषध आणखी किती दिवस लागणार आहे? नेदरलँड्समधील १५ रुग्णालयांत आठ वर्षे व त्यावरील १,०६६ रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. शस्त्रक्रियेनंतर शिरेतून दोन दिवस अँटिबायोटिक घेणाऱ्यांत संसर्गजन्य गुंतागुंत व मृत्यू मिळून १० टक्के, पाच दिवस घेणाऱ्यांत ८ टक्के. फरक आधी ठरवलेल्या मर्यादेतच राहिला. अमेरिकेतील बालरुग्णालयांच्या २०१७ च्या तुलनेतही पिक लाइन घेऊन घरी गेलेली मुले तोंडी औषधावरच्या मुलांपेक्षा जास्त वेळा परत आली, आणि त्यात खुद्द लाइनच्या तक्रारींचा वाटा मोठा होता. मेट्रोनिडॅझोल तर तोंडाने घेतले तरी जवळजवळ पूर्ण शोषले जाते. ताप उतरला, पोट मऊ झाले, मूल जेवू लागले, की शिरेची गरज बहुधा संपलेली असते.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. डच चाचणीतील बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाल्या होत्या. शिवाय दोन दिवसांच्या गटात पुन्हा भरती १२ टक्के होती, दुसऱ्यात ६. झरी-जामणी किंवा उमरखेडच्या पालकांना पुन्हा यवतमाळ गाठणे म्हणजे मजुरी बुडवून एसटीचा दिवसभराचा प्रवास. म्हणून दोन दिवसांचा आकडा जसाच्या तसा उचलू नये. तोंडी औषध सुरू करून एक दिवस वॉर्डातच पाहावे, मग सुट्टी द्यावी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: आपल्याकडच्या ई. कोलायवर सेफ्ट्रियाक्झोनच अनेकदा चालत नाही, तिथे गोळीचा काय भरवसा? पण यावरचा उपाय लांब नळी नव्हे, ऑपरेशनच्या वेळी पाठवलेला पू. कल्चरमध्ये एकही तोंडी औषध लागू पडत नसेल, तर आठवडा-दोन आठवड्यांसाठी सोनोग्राफीच्या मदतीने मिडलाइन टाकावी. २०२० च्या बालरुग्णांसाठीच्या मिनीमॅजिक शिफारशीही चौदा दिवसांपर्यंत तोच मार्ग सुचवतात. सिकलसेल असलेल्या मुलात मध्यवर्ती शिरेतली नळी गुठळीची जोखीम वाढवते, तेव्हा आपल्या जिल्ह्यात तो रिपोर्ट हाती असल्याखेरीज पिकचा विचारच नको.

राहिला वारंवार टोचण्याचा त्रास. तो बराचसा आपणच ओढवून घेतो: कोपराच्या घडीत किंवा मनगटावर घाईने सुई घालून. पिवळी किंवा निळी इंट्राकॅथ पुढच्या हाताच्या सरळ भागात, पारदर्शक पट्टीखाली ठेवावी, सिस्टरांनी दर तासाला जागा पाहावी, आणि लाली-सूज नसेल तर केवळ तीन दिवस झाले म्हणून ती काढू नये.