पत्ता एकदाच सांगा की राव!

बेडोकला घरी परतताना टॅक्सीवाल्याला मी फक्त सहा आकडे सांगतो आणि गप्प बसतो. १९९५ पासून सिंगापुरात जवळजवळ प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी पोस्टल कोड आहे. आपला पिनकोडही सहा आकडीच. १९७२ साली तो आला, आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. पण तो टपाल कचेरीपर्यंतच नेतो, पुढे 'मारुतीच्या मागे, गिरणीसमोर' आहेच!

हे आठवलं एका डॅशबोर्डच्या स्क्रिप्टमुळे. टाक्यांमधली पाण्याची पातळी दाखवायची, एवढंच तिचं काम. आणि ओळी अशा:

केंद्र.टाक्या.मुख्य.सेन्सर.पातळी
केंद्र.टाक्या.मुख्य.सेन्सर.तापमान
केंद्र.टाक्या.मुख्य.सेन्सर.वेळ

असा अख्खा पत्ता एकोणीस वेळा! मग राखीव टाकीसाठी तोच मजकूर खाली चिकटवून 'मुख्य'चं 'राखीव' केलेलं. अठरा ठिकाणी. एकोणिसावं राहिलं, आणि ते नेमकं धोक्याच्या दिव्याचं. राखीव टाकी रिकामी होत होती आणि दिवा मात्र हिरवागार, कारण तो मुख्य टाकीकडे बघत बसलेला. जावास्क्रिप्ट बिचारी तक्रार तरी कशी करणार? पत्ता चुकीचा असला तरी खोटा नव्हता.

वर एकच ओळ हवी होती:

कॉन्स्ट सेन्सर = केंद्र.टाक्या.राखीव.सेन्सर

आणि खाली सगळीकडे नुसतं सेन्सर.पातळी, सेन्सर.वेळ. (नावं देवनागरीत खरंच चालतात, करून बघा. 'कॉन्स्ट' तेवढं रोमनमध्येच लागतं.)

सहकाऱ्याला दाखवलं. आपलाच मराठी गडी. म्हणतो, "अरे, इतके दिवस चालत होतंच ना!" या 'चालतंय ना'चा मला मनस्वी राग आहे. माझ्या डॉक्टरेटच्या स्क्रिप्टाही अशाच होत्या, म्हणून जरा जास्तच. दुसरे विद्वान म्हणतात, व्हेरिएबलने वेग वाढतो. वाढो न वाढो! सहा महिन्यांनी ती ओळ वाचणाऱ्या माणसाचं काय? त्याला 'टेम्प' किंवा 'ए१' नाव देऊन ठेवणारेही त्याच पंथातले.

जुने लोक 'विथ' वापरायचे. एकदा पत्ता सांगायचा आणि आत नुसतं 'पातळी' लिहायचं. पण ती पातळी सेन्सरची की बाहेरच्या कुठल्या व्हेरिएबलची, हे वाचून कळेना. २००९ च्या स्ट्रिक्ट मोडने त्याला घरीच बसवलं, ते बरंच झालं.

एक खोच मात्र आहे, आणि त्यावर बोट ठेवणारे चूक नाहीत. डॅशबोर्ड दर मिनिटाला नवा डेटा आणतो. जुन्या ऑब्जेक्टमधलेच आकडे बदलले तर 'सेन्सर'ला ते दिसतात. पण आख्खं 'केंद्र'च नवं आलं, तर आधी धरून ठेवलेला 'सेन्सर' जुन्यालाच चिकटून राहतो. म्हणून ती ओळ फाइलच्या डोक्यावर नको, दर वेळी चित्र काढणाऱ्या फंक्शनच्या आत हवी. आणि 'पातळी'चा आकडाच उचलून वर ठेवाल तर तो तिथेच शिळा होईल. धरायचा तो सेन्सर.