कोपिली प्रस्तरभंग : अपरिचित कोणाला?

आसामात धरणी हादरली की राष्ट्रीय वृत्तमाध्यमांत एक विशेषण हटकून येते : 'फारसा परिचित नसलेला' कोपिली प्रस्तरभंग. हे विशेषण दिसते तितके निरुपद्रवी नाही. जे ठाऊकच नव्हते त्याची तयारी कशी करणार, अशी पळवाट त्यात दडलेली आहे.

मणिपूरच्या पश्चिम भागापासून भूतान, अरुणाचल प्रदेश आणि आसाम यांच्या सीमा मिळतात तेथपर्यंत वायव्येकडे गेलेला हा भेगांचा पट्टा सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा आहे. एका बाजूला शिलाँगचे पठार, दुसऱ्या बाजूला मिकिर टेकड्या आणि मधे कोपिली नदीचे खोरे. दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासत आडवे सरकू पाहतात, घर्षणाने अडतात, साठलेला ताण असह्य झाला की एकाएकी सुटतात.

आता 'अपरिचित' या शब्दाची झडती घ्यावी. १० जानेवारी १८६९ रोजी काछारचा मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थॉमस ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्यांचे पुत्र रिचर्ड ओल्डहॅम यांनी तो १८८२ मध्ये प्रसिद्ध केला. २३ ऑक्टोबर १९४३ रोजी याच टापूत ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दोन्ही भूकंपांचा संबंध अभ्यासक कोपिली पट्ट्याशी जोडत आले आहेत. ज्याची दप्तरी नोंद दीड शतकाची, तो अपरिचित कसा?

२८ एप्रिल २०२१ च्या सकाळी सोनितपूर जिल्ह्यात ढेकियाजुलीजवळ ६.४ तीव्रतेचा धक्का बसला. भातखाचरांतून पाणी आणि वाळू वर आली, नगावला एक इमारत शेजारच्या इमारतीवर कलली, गुवाहाटीत भिंतींना तडे गेले. जीवितहानी अत्यल्प झाली आणि लगेच समाधानाचा सूर उमटला : ताण मोकळा झाला, धोका टळला! हे समाधान गणितात टिकत नाही. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. त्या हिशेबाने १९४३ च्या भूकंपाची ऊर्जा सोनितपूरच्या सुमारे सोळापट भरते. लहान धक्क्यांनी मोठ्याचे देणे फिटत नाही.

जीवितहानी टळली हेही कर्तृत्व मानू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे सोनितपूरपेक्षा किंचित लहानच होता; तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. पहाटेची वेळ आणि उथळ केंद्र ही कारणे होतीच. पण झोपलेल्यांवर कोसळल्या त्या दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे.

आसामला हा धडा फार पूर्वी मिळाला होता. १२ जून १८९७ च्या महाभूकंपात दगडविटांच्या इमारती जमीनदोस्त झाल्यावर तेथे 'आसाम पद्धतीची' घरे रुजली : लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या बोरूच्या भिंतींवर मातीचा वा चुन्याचा गिलावा, वर हलके पत्र्याचे छप्पर. असे घर हलते, वाकते, क्वचित पडते. पण माणसाला सहसा चिरडत नाही. आज गुवाहाटीत ही घरे पाडून, पाणथळ 'बिलां'वर भराव टाकून, खाली वाहनतळासाठी मोकळे खांब ठेवलेले बहुमजली इमले उभे राहत आहेत. अशा पोकळ तळमजल्यांचे काय होते, हे २००१ साली अहमदाबादने पाहिले. भूकंपाचे केंद्र तर तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, कच्छमध्ये होते.

सिमेंट-काँक्रीट हा येथे आरोपी नाही. नियमानुसार बांधलेली काँक्रीटची इमारत मोठा धक्का सोसू शकते. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक १९६२ पासून आहे. ईशान्य भारत सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात असल्याचे नकाशे कधीचे छापले गेले आहेत. उणीव आहे ती मानक आणि बांधकाम यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाची : सळई मोजणाऱ्या, मातीची चाचणी मागणाऱ्या आणि चुकीच्या नकाशावर सही नाकारणाऱ्या अभियंत्याची.

भूकंपाची तारीख विज्ञान सांगू शकत नाही. जागा मात्र ते सांगते आणि कोपिलीच्या बाबतीत ती सांगून झाली आहे. म्हणून पुढच्या धक्क्यानंतर 'शास्त्रज्ञांनाही कल्पना नव्हती' असे कोणी म्हणू लागल्यास त्याला एकच प्रश्न विचारावा : रुग्णालये आणि शाळा यांची तपासणी किती झाली, कमकुवत ठरलेल्या किती इमारतींचे मजबुतीकरण झाले आणि बिलांवरच्या भरावाला परवानगी कोणी दिली? भेगेचे नाव विसरणे क्षम्य आहे. तिच्यावर उभ्या असलेल्या माणसांना विसरणे नव्हे.