पेन्सिलच्या खुणा

इथे इंग्लंडात मला दोन नाद लागलेत. चर्चच्या हॉलमध्ये अधूनमधून भरणारा जुन्या पुस्तकांचा सेल आणि दर मंगळवारी आमच्या गावच्या हौशी ऑर्केस्ट्राची तालीम. मी सेकंड व्हायोलिन वाजवतो. 'यूट्यूबवर उत्तमातलं उत्तम वादन फुकट मिळतं, पुस्तकं मोबाइलवर येतात, मग ही उठाठेव कशाला?' असं पुण्याचे मित्र विचारतात.

मला विचाराल तर, सोबतीसाठी! जुन्या पुस्तकात कुणीतरी आवडत्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली असते. आम्ही भाड्याने आणतो त्या नोटेशनच्या प्रतींवरही, गज कुठे वर न्यायचा आणि कुठे खाली, याच्या खुणा आधीच्या वादकांनी करून ठेवलेल्या असतात. अवघड जागेभोवती हमखास गोल! आपल्याआधी इथे कुणीतरी अडलं होतं, हे पाहून धीर येतो.

आणि हौशी म्हणजे दुय्यम, हे काही खरं नाही. गुस्ताव होल्स्ट हा मोठा संगीतकार १९०५ पासून १९३४ पर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये शिकवत होता. 'सेंट पॉल्स स्वीट' त्याने तिथल्या मुलींच्या ऑर्केस्ट्रासाठीच रचला. आज तो व्यावसायिक वादकही वाजवतात.

लताबाई गात होत्या म्हणून घरोघरच्या आयांनी अंगाई म्हणणं सोडलं का? स्वतः करून पाहणारेच उरले नाहीत, तर उत्तमाची पारख तरी कोण करणार?

असो. प्रती परत करताना खुणा खोडायच्या असतात. पण काही उरतातच, पुढच्यासाठी.