खुनी कोण, ते २०५७ साली कळेल

बाबूराव अर्नाळकरांवरचा लेख कसा लिहितात, हे मला आता पाठ झालंय. सुरुवातीला लेखक जिन्याखाली बसून चोरून वाचत असतो. मग भूगोलाच्या पुस्तकात लपवलेला झुंजार येतो, वडिलांचा मार येतो, कोपऱ्यावरचं वाचनालय येतं. पुढे ‘हजारावर रहस्यकथा’ हा आकडा आणि शेवटी ‘ते दिवसच वेगळे’ असा उसासा. सापडत नाही ती एकच गोष्ट. लेखकानं गेल्या चाळीस वर्षांत अर्नाळकरांचं एखादं पुस्तक पुन्हा उघडल्याचा पुरावा. कथानक नाही, एखादा प्रसंग नाही, पुष्कळदा पुस्तकाचं नावसुद्धा नाही.

माझं भांडण या मंडळींशी आहे. अर्नाळकर १९९६ साली गेले, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी इंजिनिअरिंग केलं, दिवसभर कोड लिहिते, आणि झुंजार माझ्या बालपणात कुठंच नाही. मला ती पुस्तकं आज वाचायची आहेत, आणि हजारावरच्या त्या ढिगातली नव्यानं छापलेली, दुकानात मिळणारी म्हणाल तर मूठभर.

म्हणून गेली चार वर्षं मी रद्दीवाल्यांकडे जाते. जवळपास चाळीस पुस्तकं जमली. काहींचा कागद असा झालाय की पान उलटलं की हातात कोपरा येतो. प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का. एकाच्या पहिल्याच पानावर कुणा सज्जनानं बॉलपेननं लिहून ठेवलंय, ‘खुनी डॉक्टर आहे’. (तो आहेही.) दुसऱ्याचा शेवटचा अख्खा फर्मा गायब आहे. सोळा पानं. सगळे दिवाणखान्यात जमलेत, आता नाव सांगणार, आणि पुढे बाइंडिंगचा दोरा.

ही पुस्तकं थोर आहेत असं मी म्हणणार नाही. निम्मी तरी वाईट आहेत. योगायोगांची रेलचेल, वेषांतर इतकं सफाईदार की सख्ख्या बायकोला ओळखू येऊ नये, आणि खलनायक स्वतःची योजना भाषण ठोकून समजावून सांगणार. पण चांगली जी आहेत ती अशी धावतात की आपण मराठी वाचतोय हेच विसरायला होतं. वाक्य लहान. संवादात फाफटपसारा नाही. दार उघडलं, दिवा गेला, गोळी सुटली. आणि नायक पोलीस नाही. काळा पहाड किंवा झुंजार हे कायद्याच्या कुंपणाबाहेर राहून बड्या धेंडांना लुटणारे. गरीब वाचक ज्या माणसाला रोज सलाम ठोकत होता, त्याची तिजोरी रात्री पुस्तकात फुटत होती. मराठी वाचक कशामुळे घडला याचा विचार करणाऱ्यांनी एवढा मोठा मसाला न उघडताच बाजूला ठेवलाय.

यावर ठरलेलं उत्तर येतं. ‘ते सगळं इंग्रजीवरून उचललेलं.’ असेल. देवलांचा ‘झुंजारराव’ म्हणजे शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ आणि ‘संशयकल्लोळ’चं मूळ मोलिएरपाशी जातं. त्यांना आपण रूपांतर म्हणतो, अर्नाळकरांच्या झुंजारला उचलेगिरी. बरं, उचललंच असेल तर कुठून, किती आणि काय बदललं हे तपासायला तरी पुस्तकं समोर हवीत ना?

दुसरं उत्तर जास्त धूर्त आहे. ‘चांगलं असतं तर काळाच्या चाळणीत टिकलं असतं.’ कुठली चाळणी? मी एक चाळणी जवळून पाहिली आहे. माझ्या गावाकडच्या एका ग्रंथालयाला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेसाठी जागा हवी होती. कपाटं रिकामी झाली, तीन पोती भरली आणि किलोवर गेली. त्यात काय होतं, ते कुणी वाचलं नव्हतं. यादीही केली नाही. हा काळाचा निर्णय नाही, टेम्पोचा आहे.

इंग्लंडमध्ये जे. जेफरसन फार्जन नावाचा लेखक असाच पुसला गेला होता. त्याचं ‘मिस्ट्री इन व्हाइट’ १९३७ सालचं, बर्फात अडकलेल्या आगगाडीतल्या प्रवाशांचं. २०१४ साली ब्रिटिश लायब्ररीनं ते आपल्या जुन्या रहस्यकथांच्या मालेत पुन्हा काढलं आणि त्या नाताळात ते धो-धो खपलं. तिकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं असतो. फार्जन १९५५ साली गेला, म्हणजे २०१४ मध्ये हक्क जिवंत होता. त्यांनी मुदत संपायची वाट पाहिली नाही. इब्ने सफींच्या उर्दू जासुसी कादंबऱ्या इंग्रजीत आणायला तर शम्सुर्रहमान फारुकींसारखा दिग्गज समीक्षक बसला. आपल्याकडचा एखादा ज्येष्ठ समीक्षक झुंजारकथेला टिपा देत बसलाय, असं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा.

आपल्याकडे ही मुदत ६० वर्षांची. आधी ५० होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, म्हणून १९९२ साली दहा वर्षं वाढवली. गुरुदेवांच्या कृपेनं अर्नाळकर १ जानेवारी २०५७ला मुक्त होतील. मी तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर असेन. गुरुनाथ नाईक २०२१ साली गेले, त्यांचा कॅप्टन दीप सुटेल २०८२ मध्ये. तोवर हा कागद टिकणार नाही, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही.

पण कायद्याचं नाव पुढे करून हात झटकणाऱ्यांनी कायदा वाचावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनं एक उपकलम आलं. बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. कुणाची परवानगी नको. ती प्रत इंटरनेटवर टाकता येणार नाही, मान्य. निदान ती असेल तरी. आणि हक्कधारकाचा पत्ताच लागत नसेल, तर पुनर्प्रकाशनाचा परवाना मागण्याची सोय कलम ३१-अ मध्ये आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी पोतं बांधण्याआधी एक पान स्कॅन केलं?

खर्चाचं म्हणाल तर साध्या फोननं दीडशे पानी पुस्तक तासाभरात होतं. मी माझी करते. जुन्या खिळ्यांची अक्षरं ओळखताना सॉफ्टवेअर ‘ख’चा ‘रव’ करतं, जोडाक्षरांना ठेचकाळतं, पण चित्र राहतं. सोबत यादीही चालू आहे. नाव, प्रकाशक, साल छापलं असेल तर साल, आणि गहाळ पानं. साध्या तक्त्यात. अर्नाळकरांनी नेमकी किती लिहिली याचे दोन लेखांत दोन आकडे मिळतात, कारण मोजायला बसलंय कोण?

तेव्हा ज्यांनी ती जिन्याखाली बसून वाचली, त्यांना विनंती आहे. पुढच्या दिवाळी अंकासाठी आठवणी लिहायच्या आधी माळ्यावर चढा. पुस्तक सापडलं तर शेवटचा फर्मा शाबूत आहे का, ते आधी बघा.